पाण्याची वाट

गेल्या आषाढांत आमच्या मोटारींत पाणी शिरलें, आणि त्या पाण्याबरोबर घरांत थोडा कलहहि शिरला.

सकाळीं दार उघडून पाहतों तों पुढच्या डाव्या बैठकीपुढें पाण्याचें थारोळें! आदल्या रात्रीं गाडी धाकट्या बंधूंच्या मुलानें आणून लाविली होती. "कांच उघडी टाकलीस," असा निकाल मीं तत्काल दिला. "काका, मीं कांच लावली होती," एवढेंच तो बोलला. शिक्षकाच्या पेशांत जन्म घालविलेल्या मनुष्यास अपराधी फार लवकर सांपडतो. त्या दिवसापासून मुलानें किल्लीस हात लाविला नाहीं.

चार दिवसांनीं पुन्हां पाणी. आणि या वेळीं कांचा मीं स्वतः लाविल्या होत्या! तरीहि चूक कबूल करण्यास जीभ रेटेना. एका कारागिरानें पुढच्या कांचेभोंवतीं लुकण फांसून पैसे घेतले. पुढच्या सरीस पाणी पूर्ववत् आलें. मुलावर ठपका ठेवणारा मी आणि कांचेवर ठेवणारा तो, दोघांचा तर्क एकाच जातीचा होता.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत विद्यार्थी अन्वय आणि व्यतिरेक शिकतो: एक असतां दुसरें असतें काय, आणि एक नसतां दुसरेंहि नसतें काय. धूर आणि अग्नि यांपुरतें तें पाठ करून मी थांबलों होतों. आतां तें गाडीस लावून पाहिलें.

गाडींत पाणी बहुधा तीन ठिकाणचें असतें. एंजिन थंड ठेवणारा द्रव रंगीत, चिकट व गोडसर वासाचा असतो. तो विषारी असल्यामुळें त्याची परीक्षा जिभेनें कधींहि करूं नये. येथें तसा रंग वा वास नव्हता. दुसरें, गारवा करणाऱ्या यंत्राचें स्वच्छ पाणी. तें एरवीं एका बारीक नळींतून गाडीखालीं ठिबकतें. नळी तुंबली म्हणजे आंत उतरतें. उघडीप पाहून तें यंत्र तासभर चालविलें. आंत कोरडें, आणि गाडीखालीं ठिबक चालू. राहिला पाऊस.

मग आंत वर्तमानपत्रें पसरलीं आणि विजेरी देऊन पुतण्यासच बसविलें. तो मुकाट्यानें बसला. मीं बाहेरून रबरी नळीनें मंद धार सोडली. जोराची धार धडधाकट रबरांतूनहि शिरते. आरंभ खालून केला, कारण वरून ओतलेलें पाणी सर्वत्र ओघळतें आणि कांहींच ठरत नाहीं. दारें निर्दोष ठरलीं. नंतर पुढच्या कांचेच्या पायथ्याशीं असलेल्या जाळीवर धार धरली. थोड्या वेळानें आंतून हांक आली, "काका, आलें!"

जाळी काढली तों खालच्या पन्हळींत गुलमोहराच्या पानांचा लगदा! गाडी त्याच झाडाखालीं उभी असते. पन्हळीचीं भोंकें बुजून पाणी चढे आणि बाहेरची हवा आंत घेणाऱ्या तोंडांतून डावीकडे उतरे. लगदा काढून भोंकें मोकळीं केलीं, आणि पुन्हां जाळीवर व कांचेवर पाणी ओतलें. आंत थेंब नाहीं. हा व्यतिरेक!

यावरून एक गोष्ट ध्यानांत आली. मोटार ही बंद डबी नव्हे. दारांतहि कांचेच्या फटींतून पाणी उतरतेंच, तें तळच्या भोंकांनीं बाहेर जातें. छतास खिडकी असेल तर तिच्या कोपऱ्यांतहि नळ्या असतात. तेव्हां लुकण फांसण्यापूर्वीं वाटा मोकळ्या आहेत ना, हें पाहावें. पाण्यास अडविण्यापेक्षां वाट देणें सोपें.

काम येथें संपत नाहीं. गालिचा वरून कोरडा दिसला तरी खालचा जाड थर स्पंजाप्रमाणें पाणी धरून राहतो. त्यानें पत्रा गंजतो, बुरशी येते, आणि तेथून जाणाऱ्या विजेच्या तारांचे जोड बिघडतात. आम्हीं गालिचा उचलून दोन दिवस पंख्याखालीं वाळविला.

त्या संध्याकाळीं मीं पुतण्यास म्हटलें, "चूक माझी. पुरावा पाहण्यापूर्वींच निकाल दिला."

तो हंसला. "काका, आतां गाडी झाडाखालीं लावूं नका, म्हणजे झालें."

मीं किल्ली त्याच्या हातीं दिली.