आणि पार्टी

मी पेटी वाजवतो. कुणी शिकवली नाही. रात्रपाळी सुटली की साच्यांचा खडखडाट कानात घेऊन खोलीवर येतो, न् पट्ट्यांवर बोटं टाकतो.

आमच्या गायनपार्टीच्या हँडबिलावर गायकाचं नाव असतं. टपोऱ्या अक्षरांत. खाली बारीक 'आणि पार्टी'. त्या 'आणि पार्टी'त मी असतो. ताग्यावर शिक्का गिरणीचा, विणणाऱ्याचा नाही, तसंच हे.

म्हणून बिली प्रेस्टन मला आपला वाटतो.

काळा माणूस. १९४६ साली अमेरिकेत ह्यूस्टनला जन्मला, वाढला लॉस एंजेलिसमध्ये. तिसऱ्या वर्षी आईच्या मांडीवर बसून पियानोच्या पट्ट्यांना हात लावला. गुरू कुणी नाही. दहाव्या वर्षी महालिया जॅक्सनच्या साथीला ऑर्गनवर. सोळाव्या वर्षी, १९६२त, लिटल रिचर्डच्या ताफ्यातनं युरोपात गेला. तिथं बीटल्सशी ओळख झाली. तेव्हा तेही काही मोठे नव्हते.

पुढं ह्याचं काम काय? दुसऱ्याच्या गाण्यात वाजवायचं. रे चार्ल्सच्या मागं, रोलिंग स्टोन्सच्या मागं. सेशनवाला म्हंजे आपला बदली कामगार. बोलावलं की जायचं, वाजवायचं, पैसे घेऊन उठायचं. गाणं गाजलं तर गाजलं ते दुसऱ्याचं.

जानेवारी १९६९. लंडन. बीटल्सची आपसात जुंपलेली. जॉर्ज हॅरिसन तर एकदा उठून गेलेला. परत आला तो ह्याला घेऊन स्टुडिओत. घरात पाहुणा आला की भांडणारी माणसं जरा नीट बोलतात. तसंच झालं. बिली इलेक्ट्रिक पियानोवर बसला न् गाण्याला जीव आला. ३० जानेवारीला गच्चीवर वाजवलं, तेव्हाही हा बरोबर. एप्रिलमध्ये 'गेट बॅक'ची तबकडी निघाली. तिच्यावर छापलं होतं, बीटल्स, सोबत बिली प्रेस्टन.

नाव! सगळं नाव. 'आणि पार्टी' नाही.

१ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कात बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम झाला. रविशंकरांनी हॅरिसनला गळ घातली होती. तिथं बिलीनं स्वतःचं गाणं म्हटलं, न् ऑर्गन सोडून सरळ नाचत पुढं आला. मागं बसणारा माणूस पुढं आला, एवढंच मला दिसतं. १९७३ न् १९७४ला त्याची स्वतःची दोन गाणी अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेली.

तरी 'यू आर सो ब्यूटिफुल' लोक जो कॉकरचं म्हणतात. ते बिलीनं ब्रूस फिशरबरोबर रचलेलं. २००६ला मूत्रपिंडाच्या आजारानं तो गेला. रॉक अँड रोलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं २०२१ला. पंधरा वर्षांनी.

हे सगळं डोक्यात घेऊन मी गायकाकडं गेलो. म्हटलं, दादा, औंदाच्या हँडबिलावर साथवाल्यांची नावं पायजेत. तो माझ्याकडं बघत राह्यला. मग कागद पुढं सरकवला. "लिही."

मी माझं नाव लिहिलं. आडनावासकट. मग ढोलकीवाल्याचं लिहायला गेलो न् हात थांबला. तीन वर्षं आम्ही त्याला 'ए ढोलकी' म्हणून हाक मारतो.

त्याचं नाव मलाच ठाऊक नव्हतं.