घुटी आणि एक खोटं

लेकीकडे नात बाळंत झाली. मी सहाण, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ असं सगळं पिशवीत घालून गेले. नात म्हणाली, "आजी, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणीसुद्धा नाही. आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच नको, त्याने तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो."

जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेलं. राग यायला हवा होता. पण १९७६ साल आठवलं.

हिची आई तेव्हा दोन महिन्यांची. जुलाबाने पार मलूल झाली होती. रोज मधातून घुटी चालू होती. डॉक्टरांनी विचारलं, "वरचं काही देता का?" सासूबाई शेजारी उभ्या. मी म्हटलं, "नाही." पुढच्या तीन रात्री कशा काढल्या ते माझं मला ठाऊक. पोर वाचली. खरं काय ते मात्र कुणालाच सांगितलं नाही.

तर नव्या आईबाबांनो, डॉक्टरांपाशी काही लपवू नका, घरातलं कुणी रुसलं तरी चालेल. बाळाला उताणं झोपवा. काजळ डोळ्यांत नको. (अळिवाचे लाडू मात्र बाळंतिणीने खाल्ले हो!)

असो. लेक हे वाचेलच. रात्री तिचा फोन येईल.