प्रेसिंग आणि जाळरेषा

मार्च महिना आला की आमच्या धंद्यात अप्रेझलचं वारं सुटतं. यंदाही सुटलंय. एक्सेलच्या रकान्यांत जिवंत माणसं कोंबायचं काम जोरात चालू आहे. आणि दर वर्षी या दिवसांत मला एक फुटबॉलची मॅच आठवते. तारीखसुद्धा पक्की लक्षात आहे. १३ मार्च २०२१, शनिवार.

तेव्हा वर्क फ्रॉम होमचा जमाना होता. पुण्यातली खोली सोडून मी चंद्रपूरला आई-बाबांकडे मुक्काम ठोकला होता. त्या संध्याकाळी आयएसएलची फायनल होती, मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान (हेच आताचं मोहन बागान सुपर जायंट). कोविडमुळे तो अख्खा सीझन गोव्यात, बबलमध्ये खेळवला गेला होता. फायनल फातोर्ड्याला, स्टेडियम रिकामं. इकडे माझ्या मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर टीममधल्या सात जणांचे अप्रेझल फॉर्म, समोर टीव्ही आणि शेजारी बाबा.

बाबा वनखात्यातून वनपाल म्हणून रिटायर झालेत. आधी गडचिरोलीकडे आलापल्लीच्या जंगलात, मग इकडे सिंदेवाहीला. फुटबॉलशी त्यांचा संबंध एवढाच की पोरगा बघतो म्हणून तेही बघतात.

अठराव्या मिनिटाला मुंबईच्या अहमद जाहूच्या पायातून रॉय कृष्णाने बॉल हिसकावला, तोही मुंबईच्याच गोलच्या तोंडाशी. पुढच्या क्षणी डेव्हिड विल्यम्सने तो जाळ्यात मारला. १-०. मी ओरडलो, "काय घाण केली यार याने!" व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तेच चालू झालं. जाहू झोपला, जाहूला काढा, वगैरे वगैरे.

रिप्ले तीनदा दाखवला. बाबा म्हणाले, "तू काऊन त्या एकट्याले शिव्या देऊन राहिला? बॉल हिसकणारा पोट्टा दिसला. बाकीचे वीस जण कुठं उभे होते, ते तर दाखवूनच नाही राहिले."

मी हसलो. पण खरं सांगतो, दहा वर्षं फुटबॉल बघणाऱ्या माझ्यासारख्या 'जाणकारा'ला हा प्रश्न पडला नव्हता.

ज्यांना फुटबॉलचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॉल समोरच्या टीमकडे असताना आपण मागे जाऊन गोलसमोर भिंत बांधायची ही एक पद्धत. दुसरी पद्धत म्हणजे त्यांच्याच अंगणात जाऊन त्यांना श्वास घेऊ द्यायचा नाही. हे प्रेसिंग. लांबून बघताना ते पकडापकडीसारखं वाटतं, ज्याच्याकडे बॉल त्याच्यामागे धावायचं. प्रत्यक्षात त्या खेळाडूच्या अंगावर एकच जण जातो. बाकीचे नऊ जण त्याने पास ज्यांना दिला असता त्यांच्या वाटा बंद करत असतात. अंगावर जाणाराही सरळ रेषेत धावत नाही, कमानीसारखा वळून येतो. म्हणजे मधल्या खेळाडूकडे जाणारी पासची वाट त्याच्या पाठीमागे, त्याच्या सावलीत झाकली जाते. मग बॉलवाल्याला एकच दिशा उरते, साइडलाइनची. आणि साइडलाइनसारखा डिफेंडर नाही. ती दमत नाही आणि तिला चकवताही येत नाही.

कधी सुटायचं याचेही इशारे ठरलेले असतात. बॉल मागे पास झाला, कुणाचा पहिला टच लांब गेला, फुलबॅकने स्वतःच्या गोलकडे तोंड करून बॉल घेतला, की सगळ्यांनी एकदम सुटायचं. एक जण जरी दोन सेकंद उशिरा निघाला तरी मधे भगदाड पडतं आणि एका पासमध्ये अख्खी टीम कापली जाते.

राल्फ रांगनिक नावाचा एक जर्मन कोच आहे. हल्लीच्या जर्मन प्रेसिंगचा आजोबाच म्हणा ना. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो एका छोट्या क्लबात होता आणि लोबानोव्स्कीच्या डायनॅमो कीव्हशी त्यांची फ्रेंडली मॅच झाली. खेळ थांबल्यावर पठ्ठ्याने समोरच्या टीमची माणसं मोजली म्हणे, कारण त्याला वाटलं की हे अकरापेक्षा जास्तच उतरलेत. माणसं अकराच होती, फक्त प्रत्येक जण जिथे पाहिजे तिथे उभा होता.

आपण फॅन लोक मात्र माणसं मोजत नाही. बॉल हिसकावला गेला की आपल्याकडे दोनच निकाल तयार असतात. आपली टीम असेल तर 'काय जोश आहे पोरांत!' आणि समोरची असेल तर 'काय गाढव आहे तो!' एकाचं शौर्य किंवा एकाची चूक. मधल्या नऊ जणांचा विषयच नाही. कबड्डीत तरी वेगळं काय होतं? पाय धरणारा कॉर्नर टीव्हीवर झळकतो. रेडरला त्या कोपऱ्याकडे रेटत नेणारा कव्हर कुणाच्या लक्षात राहतो?

मी स्वतः यातला मोठा गुन्हेगार. २०१९-२० मध्ये लिव्हरपूल ३० वर्षांनी लीग जिंकलं, आणि तो सगळा सीझन मी रूमवर फर्मिनोला शिव्या घालण्यात काढला. पाठीवर ९ नंबर आणि लीगमध्ये गोलही नऊच. घरच्या मैदानावरचा लीगमधला पहिला गोल थेट जुलै २०२० मध्ये, चेल्सीविरुद्ध, सीझनच्या शेवटच्या होम मॅचला! 'स्ट्रायकर आहे की शोपीस' हा माझा आवडता डायलॉग होता. समोरच्या टीमचा बॉल मधून निघूच नये म्हणून तो नव्वद मिनिटं कमानी मारत धावायचा, ते मी बघत होतो पण मला दिसत नव्हतं.

इंजिनियर माणूस म्हणून मी आकड्यांकडेही वळलो. प्रेसिंग मोजायला पीपीडीए नावाचा एक आकडा आहे, २०१४ मध्ये कॉलिन ट्रेनर यांनी मांडलेला. समोरच्या टीमने त्यांच्या भागात केलेले पास भागिले आपण तिथे केलेले टॅकल, इंटरसेप्शन, फाउल वगैरे. आकडा जितका कमी तितकं प्रेसिंग कडक. उपयोगी आहे, वाद नाही. पण त्यातही मोजलं जातं ते घडलेलंच. ज्याने नुसतं उभं राहून एक पास होऊच दिला नाही, त्याच्या खात्यात शून्य.

असो. मॅचकडे येतो. एकोणतिसाव्या मिनिटाला त्याच जाहूने मागून एक लांब बॉल टाकला आणि तो अडवायच्या नादात मोहन बागानच्या तिरीने हेडरने स्वतःच्याच गोलमध्ये घातला. १-१. ग्रुपवर जाहूला काढायला निघालेली मंडळी एकदम चिडीचूप :)

हाफटाइमला मी बाबांना हे प्रेसिंग पुराण ऐकवलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे आगीसारखंच झालं."

आमच्याकडे १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत आगीचा हंगाम. सागाची पानं गळून वाळलेली, त्यात मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात. वारा असला की ती आग जंगलात शिरते. म्हणून वनखातं हंगामाआधी जाळरेषा काढतं. म्हणजे रस्त्याच्या, हद्दीच्या कडेने पट्टा साफ करून तिथला पाला आधीच जाळून टाकायचा. आग तिथवर आली तरी तिला खायला काही मिळत नाही.

"आगीच्या मागं धावायचं नसते," बाबा सांगत होते. "वारा पाहायचा, समोर जाऊन रेषा धरायची आणि तिले नाल्याकडं नाहीतर रस्त्याकडं रेटत न्यायचं. ज्वाळा असतात तिथं हिरव्या फांद्या घेऊन झोडपायले सगळेच तयार असतात. कठीण काम टोकाले उभ्या असलेल्या माणसाचं. त्याच्यापुढं काहीच नसते. त्याले वाटते, मी इथं रिकामा काय करून राहिलो, तिकडं मदतीले जातो. अन् तो हलला का त्याच जागेतून आग निघून जाते."

मी गप्प बसलो. कारण इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, सुट्टीत, मी याच माणसाला विचारलं होतं, "बाबा, तीस वर्षांत तुमच्या बीटमध्ये काही झालंच नाही का हो?" मित्रांना सांगायला काहीतरी थरारक हवं होतं मला. तेव्हा ते "नाही बा" एवढंच म्हणाले होते आणि बुटाला पॉलिश करत राहिले होते. आपल्या वडिलांनी नोकरीत विशेष काही केलं नाही, असं मी तेव्हापासून मनात धरून होतो.

आता पुन्हा विचारलं, "तुमच्या बीटमध्ये आगी किती लागल्या?"

"मोठ्या दोन. त्या डायरीत लिहून आहेत."

"आणि जाळरेषा किती वर्षं काढल्या?"

"दर वर्षी. काढाव्याच लागतात ना." आणि मग, "सुरू झाली पाहा मॅच."

नव्वदाव्या मिनिटाला मोहन बागानचा गोलकीपर अरिंदम पुढे धावून आला, बॉल त्याला नीट काढता आला नाही, ओगबेचेने तो बिपिन सिंगला दिला आणि बिपिनने गोल केला. २-१. मुंबई चॅम्पियन. ग्रुपवर अर्थातच बिपिन देव आणि अरिंदम गाढव. या वेळी मी काही टाइप केलं नाही.

लॅपटॉप अजून उघडाच होता. सातातला पाचवा फॉर्म एका मुलाचा होता. रात्रीचे बॅच जॉब आणि मॉनिटरिंग बघायचा. फॉर्ममध्ये एक रकाना असतो, वर्षभरात किती इन्सिडंट सोडवले. याचे तीन. सहाव्या फॉर्मवाल्याचे एकेचाळीस, रात्री दोन वाजता उठून सिस्टिम उभी करणारा आमचा हीरो. त्या एकेचाळिसांतले निम्मे त्याच्याच कोडमुळे झाले होते, ही गोष्ट वेगळी. पाचव्यापुढे मी दुपारीच लिहून ठेवलं होतं, 'पुढाकार कमी पडतो.' त्याचे जॉब वर्षभर पडलेच नव्हते, म्हणून सोडवायला काही नव्हतं, हे मला दुपारी सुचलं नाही.

ते वाक्य खोडलं. सोमवारी मॅनेजरशी तासभर भांडलो. "डेटा कुठे आहे?" असं त्याने विचारलं आणि माझ्याकडे खरंच डेटा नव्हता. शेवटी दोन पायऱ्या मागितल्या होत्या त्यातली एक मिळाली. म्हणजे तसा ड्रॉच.

काल रात्री घरी फोन केला होता. बाबा म्हणाले, मोह फुलायला लागलाय, ऊन कडक आहे, यंदा वारा फार आहे. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी मार्चमध्ये त्यांचं लक्ष वाऱ्याकडेच असतं.

चला, या वर्षीचे नऊ फॉर्म भरायचे आहेत. इन्सिडंटचा रकाना अजून आहे तसाच आहे.