दहा माणसं जमतील असं गाव

रविवार, अलिबाग

या मालिकेच्या मागच्या हप्त्यात कोची आणि कोलकाता झालं. मट्टांचेरीचं परदेसी सिनेगॉग 1568 सालचं, कोलकात्याचं मागेन डेव्हिड 1884 सालचं. दोन्ही वास्तू देखण्या आहेत आणि नीट राखलेल्या आहेत, पण तिथल्या रहिवाशांच्या बळावर प्रार्थना उभी राहावी एवढी माणसं दोन्हीकडे उरलेली नाहीत. म्हणून या हप्त्यासाठी प्रश्न घेतला तो असा: एखाद्या ज्यू कुटुंबाला आज बिऱ्हाड हलवायचं असेल आणि नव्या गावातही आपला धर्म चालता राहावा अशी त्याची मनापासून इच्छा असेल, तर त्यानं गाव कशावरून निवडावं? माझं उत्तर असं, की ‘मिन्यान’ जिथे स्थानिक माणसांनी भरतं ते गाव निवडावं. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमले की मिन्यान झालं. नऊच असतील तर तोराची गुंडाळी उघडून वाचता येत नाही आणि गेलेल्यासाठी कद्दीशही म्हणता येत नाही. नववा आणि दहावा माणूस कुठून येतो हे कळलं, की त्या गावाचं बाकी बरंच काही कळतं.

कोकणापासून सुरुवात करायची, कारण मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाचं मूळ इथलं. परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. पुढच्या पिढ्या घाणे चालवू लागल्या, शनिवारी घाणा बंद ठेवायच्या, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. पेणकर, रोहेकर, झिराडकर, नवगावकर ही आडनावं वाचत गेलं तर जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशाच समोर उभा राहतो. अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग 1848 सालचं, आजची इमारत 1910ची. अलिबागजवळच्या खंडाळा गावी एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या, खडकाशी नवस फेडायला माणसं येतात. तिथे मलिद्याचं ताट मांडलं जातं: भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वर फळं. पण ही माणसं बहुतेक मुंबई-ठाण्याहून येतात आणि संध्याकाळी परत जातात. आळीत राहणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. यात्रेला येण्यासाठी अलिबागसारखं ठिकाण नाही, पण शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबानं इथे कायमचं यावं असं मी म्हणणार नाही. त्याच्या मुलांना बरोबरीचं कोणी मिळणार नाही.

सोमवार, पुणे

पुण्याचा मोह मोठा आहे. नोकऱ्या आहेत, शिक्षण आहे, हवा बरी आहे. कॅम्पातलं ओहेल डेव्हिड, म्हणजे पुणेकरांचं लाल देऊळ, डेव्हिड ससूननं बांधवलं आणि 1867 साली पुरं झालं. त्याचा उंच मनोरा दुरून दिसतो. बेने इस्राएलांचं आपलं असं सिनेगॉग मात्र रास्ता पेठेत आहे, सुक्काथ शेलोमो, आणि समाजाचा जीव त्या साध्या इमारतीत जास्त आहे. नोकरी मगरपट्ट्यात, हिंजवडीत किंवा खराडीत आणि प्रार्थना पेठेत, ही इथली खरी अडचण. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वाहनात बसायचं नाही हा नियम सगळेच पाळतात असं नाही, पण जो पाळतो त्याच्यासाठी हिंजवडी आणि रास्ता पेठ ही दोन वेगळी गावं आहेत. जो पाळत नाही, तोही शनिवारी सकाळी लेकरांना उठवून तासभर गाडीत बसवेल असं किती आठवडे चालेल? ज्याला पेठेत किंवा कॅम्पात घर परवडतं त्यानं पुणे जरूर निवडावं. बाकीच्यांनी थांबून विचार करावा.

मंगळवार आणि बुधवार, मुंबई

मुंबईची बाजू भक्कम आहे, म्हणून तिला दोन दिवस दिले. मांडवीतलं शआर हरहामीम 1796 सालचं. सॅम्युएल इझिकेल दिवेकर या लष्करातल्या बेने इस्राएल माणसानं ते बांधवलं, बाहेरच्या रस्त्याला त्याचंच नाव पडलं, आणि मस्जिद स्टेशनच्या नावातली मशीद म्हणजे हेच जुनं सिनेगॉग असं सांगितलं जातं. काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू 1884चं, 2019 साली डागडुजी होऊन पुन्हा झळकलेलं. भायखळ्याचं मागेन डेव्हिड, सात रस्त्याचं तिफेरेथ इस्राएल, आग्रीपाड्याचं मागेन हस्सिदीम. एका शहरात इतकं कुठे मिळेल, असं कुणीही विचारेल.

मिळतं खरं, पण भवतालच्या वस्तीत कोण राहतं तेही पाहायला हवं. ससूनसारखी बगदादी ज्यूंची घराणी स्वातंत्र्यानंतर लंडन, सिडनी, इस्राएलकडे गेली. बेने इस्राएलांची चाळीतली बिऱ्हाडं एक तर इस्राएलला गेली, नाही तर उपनगरांत सरकली. 1951च्या जनगणनेत भारतात सुमारे 26 हजार ज्यू होते, 2011च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आसपास उरले. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा शाळांमध्ये दिसतो. हाइम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1875 साली काढलेली इस्राएली शाळा पुढे सर एली कदूरी या नावानं माझगावात नावारूपाला आली. भायखळ्याला सर जेकब ससून हायस्कूल आहे. दोन्ही शाळा आजही भरतात, मुलं शिकतात, पण ती बहुतेक आसपासच्या मुस्लिम वस्तीतली. त्या मुलांना तिथे शिक्षण मिळतंय ही आनंदाची गोष्ट आहे आणि शाळा काढणाऱ्यांनाही ती पटली असती. मात्र ‘मुंबईत ज्यू शाळा आहेत’ असं म्हणून कुणी भायखळ्यात घर घेणार असेल, तर त्यानं आधी शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहून पाहावं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कुलाब्याला नरिमन हाउसमध्ये खबाड या ज्यू धार्मिक चळवळीचं केंद्र आहे, तिथे रब्बी आहेत, कोशेर, म्हणजे धर्माच्या नियमांत बसणारं, जेवण आहे, शिकायची सोय आहे, मग दक्षिण मुंबई सोडून दुसरीकडे कशाला? 26 नोव्हेंबर 2008च्या हल्ल्यात त्या केंद्रात रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चार जण मारले गेले. 2014 साली केंद्र पुन्हा उघडलं, यात फार मोठं धैर्य आहे. पण तिथल्या टेबलाभोवती बसणारे पुष्कळसे लोक इस्राएली प्रवासी, परदेशी व्यापारी, कामानिमित्त आलेले. या आठवड्याचा दहावा माणूस पुढच्या आठवड्यात तेल अवीवला किंवा अँटवर्पला असतो. गरज पडेल तेव्हा गाठावं, शिकावं, कोशेर मांसाची सोय विचारावी यासाठी ते केंद्र मोलाचं आहे आणि मुंबई परिसरात कुठूनही ते गाठता येतं. मुलगा आजारी पडला तर रात्री दार वाजवायला शेजार लागतो, तो मात्र तिथे मिळत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दाही याच घटनेतून निघतो. तो हल्ला बाहेरून आला होता. शेजाऱ्यांनी ज्यूंचा छळ केल्याचा इतिहास कोकणात किंवा मुंबईत नाही, आणि ही या समाजाची जगावेगळी मिळकत आहे. म्हणून पहारा आणि बंद फाटक सहन करावं, पण गाव निवडताना भीतीला पहिला मान देऊ नये.

गुरुवार, ठाणे

ठाण्याचं शआर हशामाईम 1879 सालचं, टेंभी नाक्याच्या परिसरातलं. बोरीबंदर ते ठाणे ही 34 किलोमीटरची पहिली रेल्वे 1853 साली सुरू झाली, आणि पुढच्या काळात रेल्वे, टपाल, सरकारी कचेऱ्या, दवाखाने यांत नोकऱ्या धरणाऱ्या बेने इस्राएलांना ठाणं सोयीचं पडत गेलं. आज देशातली सर्वांत मोठी ज्यू वस्ती ठाण्यात आहे असं मानलं जातं. इथे आजोबा, मुलगा, नातू एकाच रांगेत बसलेले असतात. तेरा वर्षांचा होणारा मुलगा वाचन शिकतो तेव्हा त्याच्या पुढचा आणि मागचा मुलगाही त्याला दिसत असतो. प्रार्थना चालवणारा हझान, समाजाचा मुकादम, मर्तिकाला धावून येणारी माणसं, मलिद्याचे पोहे भिजवणाऱ्या बायका, सगळी हाकेच्या अंतरावर. आणि लग्न? हा विषय उघड बोलला जात नाही, पण निर्णय बऱ्याचदा त्यावरच होतो. काही हजारांच्या समाजात स्थळ शोधायचं तर मुंबई, पनवेल, पुणे या सगळ्यांशी उठबस हवी, आणि ठाणं त्या सगळ्यांच्या मधे पडतं.

शुक्रवार, ठाणे

आज अंतराचा हिशोब. नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शब्बाथ त्याआधी लागतो. फोर्टात काम करणाऱ्यानं साडेचारला कचेरी सोडली, तर फास्ट लोकलनं तो वेळेवर घरी पोचतो आणि दिवे लागताना घरात असतो. किद्दूशसाठी, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादासाठी, काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत सकाळीच करून ठेवलेलं असतं, नारळाच्या दुधातला मटणाचा रस्सा दुपारी शिजलेला असतो. मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, आणि ती उणीव कोकणच्या नारळानं शतकानुशतकं भरून काढली आहे. पण हे जमायचं तर घर चरई, टेंभी नाका, खोपट, नौपाडा या पट्ट्यात हवं. स्वस्त आणि प्रशस्त जागा घोडबंदर रोडला आहेत, आणि ‘ठाण्यातच तर आहे’ असं समजून कुटुंबं तिकडे जातात. तिथून शनिवारी चालत येणं होत नाही, हळूहळू येणंच होत नाही. भाड्यानं लहान जागा, पण चालण्याच्या अंतरात, हीच निवड मला योग्य वाटते.

शनिवार, ठाणे

सर्वांत मोठा आक्षेप शेवटी. ठाण्यातूनही माणसं इस्राएलला जातच आहेत, मग मधल्या मुक्कामाचा आग्रह कशाला, सरळ दिमोना किंवा अश्दोद का गाठू नये? ज्याला जायचं आहे त्यानं जावं, तिथेही मराठी समाज आहे. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे. पण तिकडे गेल्यावरही गाव निवडावंच लागतं आणि कसोटी हीच राहते. नेगेवमधल्या दिमोनात बेने इस्राएलांची दाट वस्ती आहे, देशाच्या मध्यभागात नोकऱ्या जास्त आहेत. शिवाय 1962 साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या फर्मानामुळे बेने इस्राएलांच्या विवाहांवर शंका घेतली गेली आणि 1964 साली निदर्शनांनंतर ती मागे पडली, हे या समाजाला पुरतं आठवतं. स्वतःचे विधी, स्वतःचे सूर, एलियाहूचा मलिदा हे सगळं कुणाला पुरावा न देता करता येणं याचंही मोल असतं, आणि ठाण्यात ते सहज मिळतं. म्हाताऱ्या आईवडिलांना, मराठी शाळेत रमलेल्या मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबासाठी हा मुद्दा मला निर्णायक वाटतो. आणखी पंचवीस वर्षांनी ठाण्यात दहा जण जमतील का, असंही विचारतात. नवी कुटुंबं तिथे येऊन राहिली तर जमतील. प्रत्येक येणारं घर त्या उत्तरात भर घालतं, अलिबागला किंवा कोचीला तेवढं एका घरानं होत नाही.

ज्यांना अजून खात्री वाटत नाही त्यांना एकच सुचवतो. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, जाऊन गाव पारखू नका. त्या दिवशी अलिबागही भरलेलं असतं, वर्षभर न दिसणारे चुलते-मामे हजर असतात. जुलैतल्या एखाद्या धो धो शनिवारी, लोकल अडकलेल्या असताना जा, आणि सकाळची प्रार्थना सुरू व्हायच्या वेळी आत किती जण आहेत आणि त्यातले किती चालत आलेत ते मोजा. घराचा बयाणा त्यानंतर द्या.