‘रन’ म्हणजे धावणे?

चिंचपोकळीला जलद गाडी थांबत नाही. थांबते ती धीमी, आणि तिच्याबद्दल घोषणा होते की अमुक लोकल पंधरा मिनिटं उशिराने धावत आहे. एक तर धीमी, त्यात उशीर झालेली, आणि तरी धावते! फलाटावरचा माणूस असं कधी बोलत नाही. तो म्हणतो ‘गाडी लेट आहे’, फार तर ‘लेट चाललीय’. हे धावणं इंग्रजीच्या ‘रनिंग लेट’मधून घोषणेत उतरलं आणि वर्तमानपत्रांनी ते पक्कं केलं. इंग्रजीतलं ‘रन’ शिकवायची वेळ आली की मी याच वाक्यापासून सुरुवात करतो. गोंधळाचं मूळ तिथेच सापडतं.

ना. म. जोशी मार्गाच्या बाजूला एका चाळीतल्या खोलीत मी संध्याकाळी इंग्रजीचा क्लास चालवतो. येणारी मुलं-मुली दिवसा नोकरी करतात. कुणी कुरिअरवाला, कुणी जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या ऑफिसात बिलिंगला. बहुतेकांचे आजोबा गिरणीत होते. ‘रन, रॅन, रन’ सगळ्यांना पाठ असतं आणि त्यासोबत शाळेने दिलेला एक अर्थही, धावणे. तो खोटा नाही, पण तो डोक्यात इतका घट्ट बसलेला असतो की बाकी काही आत शिरत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी या एका क्रियापदावर नऊ महिने काम केलं, तेव्हा त्याचे ६४५ अर्थ निघाले. कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंदीचा मान ‘सेट’कडे होता. या ६४५ अर्थांत पायांनी धावण्याशी काही संबंध नसलेलेच जास्त.

फुटपाथवर फ्रेझल व्हर्ब्जची पुस्तकं मिळतात. डावीकडे ‘रन आउट’, उजवीकडे ‘संपणे’. डावीकडे ‘रन इंटू’, उजवीकडे ‘अचानक भेटणे’. मुलं ती घेऊन येतात आणि मी ती बाजूला ठेवायला लावतो. यादी पाठ करून भाषा यायची म्हणजे वाण्याची यादी चावून पोट भरायचं.

त्याऐवजी मी विचारतो, तुमच्याकडे काय काय चालतं? उत्तरं भराभर येतात. पंखा चालतो, दुकान चालतं, घर चालतं, सिरियल चालते, नाटक चालतं, कोर्टात खटला चालतो, नळ चालू राहतो. ही सगळी वाक्यं इंग्रजीत ‘रन’वर उभी राहतात. इंग्रज जिथे धावतो तिथे आपण चालतो, एवढाच फरक. एकदा सुरू झालं की आपल्या गतीने पुढे जात राहणं, हे दोन्हीकडे सारखंच आहे. हे कळलं की अर्धी लढाई संपते. उरलेल्या अर्ध्यात एक काटा असतो, आपला ‘व’. घर चालतं आणि आई घर चालवते. मराठीत या ‘व’ने कर्ता बदलतो, इंग्रजीत ‘रन’ दोन्हीकडे तसंच राहतं. मुलांना त्या ‘व’साठी काहीतरी घालावंसं वाटतं आणि ‘माय मदर मेक्स द हाउस रन’ अशी वाक्यं जन्माला येतात. त्यातलं ‘मेक्स’ काढायला लावणं हे माझं कायमचं काम.

‘रन’च्या जुन्या जर्मानिक मुळात वाहणंही होतं. जर्मन भाषेत ‘रिनेन’ म्हणजे आजही वाहणे. म्हणून इंग्रजांचं नाक ‘रन’ होतं आणि कपड्याचा रंगही. इथे आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उन्हाने रंग विटतो तो ‘फेड’, आणि बादलीत लाल साडीचा रंग सुटून पांढऱ्या शर्टाला लागतो तो ‘रन’. ‘रंग गेला’ म्हटलं की मराठीत दोन्ही भागतं, इंग्रजीत भागत नाही. ज्यांच्या आजोबांनी रंगखात्यात दिवस काढले, त्यांना हा फरक मला सांगावा लागत नाही.

गिरणगावातल्या वर्गात सर्वांत जास्त वेळ जातो तो ‘रन-ऑफ-द-मिल’वर, आणि मी तो जाऊ देतो. पुस्तकात त्याचा अर्थ ‘सामान्य’ एवढाच असतो. एकदा नातीला न्यायला आलेले एक आजोबा दाराशी उभे राहून ऐकत होते. आयुष्यभर फोल्डिंग खात्यात. ते म्हणाले, “सर, म्हणजे निवडायच्या आधीचा माल ना?” अगदी तोच. साच्यावरून, म्हणजे मागावरून, उतरलेलं कापड तपासायचं, तुटका धागा, डाग, विरळ वीण बघायची, चांगलं वेगळं काढायचं आणि मग प्रत ठरवायची. या निवडीआधीचं, जसं निघालं तसं, बरं-वाईट एकत्र, ते ‘रन ऑफ द मिल’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यापारात हा शब्द रुळला. खाणीतून निघालेल्या न निवडलेल्या कोळशालाही इंग्रजीत अशीच संज्ञा आहे. इथे ‘रन’ म्हणजे यंत्र एका दमात चाललं तेवढ्यात निघालेला माल. आपल्याकडे चकल्यांचा घाणा असतो ना, तसा.

त्यावरून गोष्ट हमखास संपावर जाते. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या चालायच्या थांबल्या आणि संप चालू राहिला. मराठीने दोघांनाही एकच क्रियापद दिलं, इंग्रजीतही दोन्हीकडे ‘रन’ बसतं. घरातल्या म्हाताऱ्यांनी वर्षानुवर्षं विचारलेला ‘गिरणी कधी चालू होणार?’ हा प्रश्न मुलांनी कानाने ऐकलेला असतो, त्यामुळे हे वाक्य इंग्रजीत न्यायला त्यांना माझी मदत लागत नाही.

मागे लागणारे छोटे शब्द मी शेवटी घेतो. ‘रन आउट’ म्हटलं की सगळे हसतात, कारण गल्लीतल्या क्रिकेटमुळे धावबाद प्रत्येकाला माहीत. मग मी टाकीचं चित्र काढतो: पाणी वाहत वाहत बाहेर गेलं, टाकी रिकामी. गॅस, पैसे, धीर, सगळं असंच ‘आउट’ होतं. इंग्रजीत मात्र ‘वुई हॅव रन आउट ऑफ गॅस’ असंही चालतं, म्हणजे संपतो गॅस आणि कर्ता होतो आपण. हे पचायला वेळ लागतो. ‘रन ओव्हर’ला तर वर्गात वादच होतो. इंग्रजीत गाडी माणसावरून जाते. मराठीत माणूस गाडीखाली येतो, जणू तोच चालत आला. एका मुलीने विचारलं, “सर, मग चूक कुणाची?” व्याकरणाच्या तासाला मी यावर उत्तर देत नाही. पण रुळांशेजारी वाढलेल्या पोरांनी तो प्रश्न विचारावा, हे मला आवडतं.

आपल्या ‘चालणे’कडून इंग्रजीत जायचा रस्ता मात्र सगळीकडे उघडा नाही. नोकरीच्या मुलाखतीत एकाला विचारलं, नाइट शिफ्ट करशील का? त्याच्या मनात आलं ‘चालेल’, आणि तोंडातून बाहेर पडलं ‘इट विल रन’. तिथे ‘दॅट्स फाइन’ हवं होतं, नाहीतर ‘इट विल डू’. ‘डू’ दिवाळीनंतर घेणार आहे.