आबांचा डाव

बुद्धिबळाचा जुना पट एखाद्या घरच्या माळ्यावर पन्नास वर्षें पडून राहिला, तरी तो खालीं काढून झटकला कीं त्याच दिवशीं त्यावर डाव मांडतां येतो. एखादी सोंगटी हरवली असेल तर तिच्या जागीं चिंचोका ठेवावा. तो घोडा म्हणून चालतो. पटाची त्याविषयीं कांहीं तक्रार नसते. संगणकावरील खेळाची गोष्ट निराळी आहे. तो खेळ सीडींत असतो असें आपण समजतों. वस्तुतः तो अर्धाच तिच्यांत असतो, आणि उरलेला अर्धा ज्या यंत्रावर तो चालावयाचा त्या यंत्राच्या रीतिभातींत असतो. यंत्राची पिढी बदलली कीं सीडी शाबूत असूनहि खेळ मुका होतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत नरडाण्यास आमच्या घरीं ह्याचा जो अनुभव आला, तो विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावा असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

खेळाचें नांव 'एज ऑफ एम्पायर्स'. वरच्या वर्गांतील मुलांस त्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. पालकांसाठीं दोन शब्द लिहितों. ह्या मालिकेचा दुसरा भाग, 'द एज ऑफ किंग्ज', १९९९ सालीं निघाला व 'द कॉन्करर्स' ही त्याची पुरवणी २००० सालीं आली. अमेरिकेंतील टेक्सास राज्यांतल्या एन्सेम्बल स्टुडिओज ह्या मंडळीनें तो रचिला आणि मायक्रोसॉफ्टनें प्रसिद्ध केला. खेळणाराच्या हातीं प्रारंभीं चार-दोन गांवकरी असतात. त्यांजकडून अन्न, लांकूड, सोनें व दगड हे चार जिन्नस गोळा करवावयाचे, घरें बांधावयाचीं, तमोयुगांतून निघून सरंजामी व दुर्गयुग ओलांडून साम्राज्ययुगांत पोहोंचावयाचें, आणि वाटेंत शेजाऱ्याच्या स्वारीस तोंड द्यावयाचें. मूळ खेळांत १३ राष्ट्रें होतीं, पुरवणीनें ५ वाढविलीं. त्यांत हिंदुस्थान नव्हता. "सर, मराठे कां नाहींत?" असें आमच्या वर्गांत दरसाल कोणी ना कोणी विचारतो. मराठे २००९ सालच्या 'एम्पायर : टोटल वॉर' ह्या दुसऱ्याच खेळांत आहेत, हें सांगून आम्ही त्यास पुन्हां व्याकरणाकडे वळवितों.

ह्या खेळाच्या दोन सीडी आमचे मेहुणे दुबईस नोकरीस असतांना २००३ सालीं सुटीवर येते वेळीं घेऊन आले. भेट आम्हांस होती. परंतु ती बळकाविली आबांनीं.

आबा, म्हणजे आमचे वडील, रेल्वेच्या मालधक्क्यावर हिशेबाचें काम करून २००१ सालीं निवृत्त झाले. सुरतेहून भुसावळास जाणाऱ्या तापी खोऱ्यांतील मार्गावर त्यांची उभी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतरहि स्टेशनाचा आवाज कानीं पडेल अशाच घरीं ते राहिले. त्यांचें इंग्रजी पावत्यांपुरतें. तरी आठ दिवसांत त्यांनीं खेळाचीं चित्रें ओळखून घेतलीं. राष्ट्र निवडतांना ते इराणी घेत, कारण त्यांजकडे हत्ती असत. हत्ती त्यांनीं लढाईस कधीं फारसे पाठविले नाहींत. दारांत असावे, एवढीच त्यांची अपेक्षा.

त्यांच्या खेळण्याची तऱ्हा आमच्या मित्रांस हास्यास्पद वाटे. प्रथम शेतें, मग सोनगीरच्या किल्ल्यासारखी चोहोंकडून भिंत, मग बाजार. स्वारी म्हणून कोणावर करावयाची नाहीं. खेळांतील धर्मोपदेशक काठी उंचावून मंत्र म्हणतो व शत्रूचा शिपाई जागच्या जागीं रंग बदलून आपल्या पक्षास मिळतो. हें पाहून आबा एकदां म्हणाले कीं, हें काम इतकें सोपें असतें तर आपल्या पाळकसाहेबांचे जोडे झिजले नसते. ते आपल्या उपदेशकांकडून जखमी माणसें बरीं करवून घेत. तीहि सोय खेळांत आहे, परंतु मुलें तिकडे पाहत नाहींत.

शेताच्या बाबतींत मात्र त्यांचा व खेळाचा कायमचा तंटा होता. खेळांतलें शेत ६० एकक लांकूड खर्चून घालावें लागतें. तें १७५ एकक अन्न देतें आणि ओसाड होतें, मग पुन्हां लांकूड देऊन पेरावें लागतें. "जमीन काय एकदाच पिकस का रे?" असें ते पडद्यास विचारीत. तापीकांठच्या काळ्या जमिनींत वाढलेल्या माणसास हें पटण्यासारखें नव्हतेंच. उलट व्यापाराच्या गाड्यांवर ते प्रसन्न असत. दुसऱ्याचा बाजार जितका लांब, तितकें गाडीमागें सोनें अधिक, असा खेळाचा नियम आहे. अंतरावर भाडें! हा खेळ करणारा कोणीतरी मालधक्क्यावर नोकरीस असला पाहिजे, असें त्यांचें मत होतें.

ते भारनियमनाचे दिवस होते. वीज जाण्याचें वेळापत्रक आबांनीं रेल्वेच्या वेळापत्रकाशेजारीं भिंतीस लाविलें होतें आणि दोहोंच्या मधल्या वेळांत ते डाव मांडीत. डाव सुरू करतांना 'नोंद ठेवा' अशा अर्थाचा एक चौकोन असतो, त्यांत खूण करण्याची त्यांची संवय होती. नोंद ठेवावयाची म्हटल्यावर मालधक्क्याचा माणूस नाहीं कसें म्हणेल? तो जुना संगणक २००७ सालीं मोडींत निघाला, तेव्हां आम्हीं त्या नोंदींच्या फाइली एका कोऱ्या सीडीवर उतरून ठेविल्या. आबा २०११ सालीं वारले.

गेल्या मे महिन्यांत कपाट आवरीत असतां तो खोका निघाला. आईनें पंचाहत्तरी ओलांडली आहे. आबा खेळत तेव्हां ती शेजारीं बसून धान्य निवडीत असे. खोक्यावरचें चित्र पाहून ती म्हणाली, "ह्यांचें गांव अजून त्यांत असेल का रे?"

हा प्रश्न आमच्या एका माजी विद्यार्थ्यासमोर झाला. तो शिरपुरास अभियांत्रिकी शिकतो. "सर, २०१९ ची नवी आवृत्ति घ्या, चित्रें कितीतरी सुंदर आहेत," असें तो चटकन् म्हणाला. खरें आहे. २०१३ सालीं ह्या खेळाची एक सुधारलेली आवृत्ति निघाली आणि २०१९ सालीं तिच्याहून देखणी. २०२२ सालच्या पुरवणींत बंगाली, द्राविड व गुर्जरहि आले. इतकेंच काय, नव्या आवृत्तींत शेत आपोआप पेरून घेण्याची सोय आहे. आबांची तक्रार कोणीतरी ऐकली म्हणावयाची. परंतु आईचा प्रश्न नव्या आवृत्तीनें सुटणारा नव्हता, आणि तो कां, हें मुलांनीं नीट समजून घेण्यासारखें आहे.

खेळाची नोंद म्हणजे सिनेमाची फीत नव्हे. त्या फाइलींत चित्र एकहि नसतें. प्रारंभीं मैदान कसें होतें तें, आणि पुढें खेळणारानें कोणत्या क्षणीं कोणता हुकूम दिला, एवढेंच तींत लिहिलेलें असतें. नोंद पाहूं लागलें कीं संगणक तोच डाव पहिल्यापासून स्वतः पुन्हां खेळतो आणि त्या त्या क्षणीं ते ते हुकूम पाळतो. म्हणून नियम तंतोतंत तेच असावे लागतात. शेताचें अन्न एका एककानें वाढलें, शिपायाची चाल किंचित् जलद झाली, कीं पुढचें सर्व गणित चुकतें. गांवकरी भलत्याच झाडाकडे जातो आणि हुकूम वाऱ्यावर राहतात. आबांच्या संगणकास इंटरनेट नव्हतें, त्यामुळें मागाहून निघालेली एकहि दुरुस्ती त्यावर चढलेली नव्हती. त्यांचे हुकूम समजणारा खेळ जगांत एकच होता, तो त्या दोन सीडींवरचा.

पहिली अडचण अगदींच बाळबोध. नव्या संगणकास सीडी घालावयास तोंडच नसतें. धुळ्याहून बाहेरून जोडावयाचा ड्राइव्ह आणविला. सीडी मऊ फडक्यानें मध्यापासून कडेकडे सरळ रेघेंत पुसावी, गोल गोल पुसूं नये. आणि बहुतेकांस ठाऊक नसतें तें असें कीं, तिची नांवाची बाजू चकचकीत बाजूहून नाजूक असते, कारण परावर्तन करणारा ॲल्युमिनियमचा पातळ थर त्या बाजूस केवळ लाखेच्या एका हातानें झांकलेला असतो. खोक्यावरील गुप्तांक पुसट झाला होता. एक अक्षर बी कीं आठ, ह्यावर गुरुशिष्यांचा अर्धा तास वाद झाला. आठ निघाला.

खेळ बसला. चालेना. त्या काळचे खेळ ज्या साहाय्यक भागांवर विसंबून असत, त्यांतला डायरेक्टप्ले नांवाचा एक भाग नव्या विंडोजमध्यें निजलेला असतो. तो जागा करावा लागला. ह्या खेळास एकंदर २५६ रंगांचाच संच ठाऊक आहे, आणि विंडोज ७ च्या दिवसांत तो संच बिघडून गवत जांभळें व पाणी तांबडें दिसे, असें पुष्कळांनीं पाहिलें आहे. त्या संकटांतून आम्ही सुटलों. परंतु पुढें संगणक "सीडी घाला" म्हणूं लागला, आणि सीडी तर आंत घरघर फिरत होती! गंमत ही कीं, ज्या यंत्रावर हा खेळ चालावयाचा त्यास त्या वेळीं ३२ मेगाबाइट स्मृति पुरे होती. आमच्या आजच्या संगणकाची स्मृति तिच्या २५६ पट आहे. एवढा थोरला वाडा, आणि जुन्या पाहुण्यास बसावयास पाट नाहीं.

ह्याचें कारण कुलुपांत आहे. नकला होऊं नयेत म्हणून त्या काळीं अनेक खेळांच्या सीडींस सेफडिस्कसारखीं कुलुपें घालीत. सीडी अस्सल आहे कीं नाहीं, हें तपासणारा पहारेकरी संगणकाच्या अगदीं गाभ्यांत बसे. ह्या पहारेकऱ्याच्याच खिडकींतून चोर शिरूं शकतो, असें पुढें आढळून आलें, आणि २०१५ सालापासून नव्या प्रणालींनीं त्यास घरांत घेणें सोडून दिलें. निर्णय रास्तच होता. मात्र ज्यांनीं नक्कल न घेतां मोल देऊन अस्सल सीडी घेतली, त्यांच्याच हातीं कुलूप राहिलें, ही गोष्ट आमच्या न्यायबुद्धीस खुपते, आणि ती मुलांपुढें मांडल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

इलाज विद्यार्थ्यानें काढिला. संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक कल्पितां येतो. एक कार्यक्रम असा असतो कीं, तो थोडी स्मृति व थोडी जागा वेगळी काढून तींत एका सबंध यंत्राचा देखावा उभा करितो, आणि आंत जें बसवावें त्यास आपण खऱ्या यंत्रावर आहों असेंच वाटतें. जुन्या संगणकाबरोबर घेतलेली विंडोज एक्सपीची सीडी खोक्यांतच होती. ती त्या कल्पित यंत्रांत बसविली. (एक्सपीची देखभाल २०१४ सालीं बंद झाली आहे, असल्या यंत्रास इंटरनेट जोडूं नये, हें कोणी करूं पाहील त्यानें ध्यानांत ठेवावें.) तीन तासांनीं, बाहेर यंदाचा मे महिना व आंत २००३ साल अशी अवस्था होऊन, तो ओळखीचा नगारा वाजला. आई स्वयंपाकघरांतून हात न पुसतांच बाहेर आली.

आतां नोंदींची सीडी. येथें आमची छाती धडधडत होती. कारखान्यांतून येणाऱ्या सीडीवरचे खळगे सांच्यांत दाबून केलेले असतात; घरीं लिहिलेल्या सीडींत मात्र एका रंगद्रव्याच्या थरावर खुणा भाजलेल्या असतात, आणि उष्णतेनें व उजेडानें तो रंग उडतो. खान्देशाच्या अठरा उन्हाळ्यांनीं त्याचें काय केलें असेल? अकरा फाइली होत्या. दोन वाचतां आल्या.

पहिली उघडली. मैदान काळें, मध्यें निळें गांव. पांच मिनिटांत शेतें आलीं, वीस मिनिटांत भिंत. पडद्यावर बाण दिसत नव्हता, कोणी बोलत नव्हतें, तरी प्रत्येक माणूस कोणीतरी सांगितल्याप्रमाणें चालत होता. ओसाड झालेलें शेत पुन्हां पेरलें जाई, तेव्हां आई मान हालवी. मग एकाएकीं सर्व थांबलें. लांकूडतोडे झाड संपल्यावर उभेच राहिले, गाड्या आपल्या वाटेनें जात-येत राहिल्या, परंतु नवा हुकूम येईना. एक मिनिट, दोन मिनिटें, चार मिनिटें. विद्यार्थ्यास वाटलें, नोंद बिघडली. तो उठूं लागला.

"बस," आई म्हणाली. "पॅसेंजर आली असेल. ती जाईपर्यंत ते दारांत उभे राहत."

पांचव्या मिनिटास एक लांकूडतोड्या हालला व दुसऱ्या झाडाकडे चालूं लागला.

तो डाव एक तास चाळीस मिनिटें चालला आणि कोणी न जिंकतांच संपला. वीज जाण्याची वेळ झाली असावी, म्हणून आबांनीं स्वतःच तो आटोपता घेतला. आम्हीं दोन्ही फाइली तीन ठिकाणीं उतरून ठेविल्या आहेत आणि गुप्तांक वहींत शाईनें लिहिला आहे. दुसरी फाइल अद्याप उघडलेली नाहीं. ती नाताळाच्या सुटींत नातवंडें जमल्यावर लावावी, असें आईनें सांगितलें आहे.