मानवत नाही

'मानवणं' हे क्रियापद मला फार आवडतं. पाणी मानवतं, हवा मानवते, एखादीला सासरसुद्धा मानवतं. आमच्या आटगावात "वांगं मला मानवत नाही" म्हटलं तर कुणी कारण विचारत नाही. मुकाट्याने दुसरी भाजी वाढतात. पण हेच औषधाबद्दल म्हणून बघा. लगेच सगळ्यांना वाटतं, गोळ्या चुकवायची सबब!

काकांचं तसंच झालं. क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन महिना होत आला आणि जेवण जाईना, सारखी मळमळ. "हे मला मानवत नाही" असं ते सांगत राहिले आणि आम्ही सगळे "कोर्स सोडायचा नाही हं" म्हणत राहिलो. डोळे पिवळे दिसले तेव्हा कुठे धावपळ. काविळीचं गावठी औषध सुचवणारे लगेच हजर झाले, त्यांना काकूने दारातूनच परत पाठवलं. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, लिव्हर ताळ्यावर आल्यावर एकेक करून परत सुरू केल्या. पुढे त्यांच्याच मुलीला क्षय झाला. तिने त्याच गोळ्या पूर्ण मुदत घेतल्या, तिला साधी मळमळही नाही.

योगायोग असा की पोटापाण्यासाठी मी ज्या लॅबमध्ये आहे, तिथे याच प्रश्नाचा एक तुकडा उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये असतो. एन-अ‍ॅसिटिलट्रान्स्फरेज-२, लाडाचं नाव नॅट-२. माणसाच्या लिव्हरमधलं हे एन्झाइम क्षयाच्या आयसोनियाझिड या औषधाला अ‍ॅसिटिल गट चिकटवून त्याचा जोर काढून घेतं. पण अभ्यासासाठी दरवेळी माणसाचं लिव्हर कुठून आणणार? म्हणून त्याचं जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालतात. ते बापडे रात्रभर फ्लास्कमध्ये वाढतात आणि आपलं समजून माणसाचं एन्झाइम बनवतात. ते गाळून, शुद्ध करून कुपीत भरायचं.

हे २९० अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. त्यात ११४ व्या जागी आयसोल्युसीनऐवजी थ्रिओनीन आलं, की ते पेशीत नीट टिकत नाही आणि काम मंदावतं. बदल फक्त एवढाच. असे आणखीही काही प्रकार आहेत. आई आणि वडील दोघांकडूनही मंद प्रत आली तर माणूस 'मंद' गटात जातो. भारतात निम्म्याहून जास्त लोक या गटातले आहेत, जपानात दहातला एखादाच. एकाच मापाची गोळी, पण एकाच्या रक्तात तास-दीड तासात निम्मी उरते, दुसऱ्याच्या रक्तात त्याला तीनेक तास लागतात.

मंद म्हणजे वाईट असं मात्र समजू नका. मद्रासच्या क्षय संशोधन केंद्रात साठच्या दशकात आठवड्यातून एकदाच औषध देऊन पाहिलं, तेव्हा मागे पडले ते जलद गटातले रुग्ण. त्यांच्या अंगात औषध टिकतच नव्हतं. रोज औषध घेतलं तर बरं होण्यात फारसा फरक पडत नाही. मंद गटाला त्रास होतो तो दुसरीकडे, हातापायांना मुंग्या (म्हणून सोबत बी-६ देतात) आणि लिव्हर. अर्थात काकांच्या काविळीला नॅट-२ एकटंच जबाबदार असं मी म्हणणार नाही. रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइडही लिव्हरला त्रास देतात, आणि काकांचं जनुक कुणी तपासलेलं नाही.

मला खटकते ती दुसरीच गोष्ट. मध्येच औषध सोडणाऱ्याला क्षयाच्या रजिस्टरात वर्षानुवर्षं 'डिफॉल्टर' लिहीत, जणू बँकेचं कर्ज बुडवलंय. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द काढून टाकला. पण आमच्या भागात दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारा कातकरी "मानवत नाही" म्हणाला, तर त्याचं किती ऐकून घेत असतील? काकांचं आम्ही घरच्यांनीच ऐकलं नाही.

काकूला हे सगळं सांगितलं तर तिचा सरळ प्रश्न, "मग आधीच का नाही तपासत?" जपानात तसं करून पाहिलंय. २०१३ च्या एका अभ्यासात मंद गटाला नेहमीच्या निम्मा डोस दिला, तर लिव्हरचा त्रास टळला आणि औषधाचा गुणही आला. आपल्याकडे डोस वजनावरून ठरतो. काकू म्हणाली, "वजन तर त्यांचं निम्मं झालं होतं." निम्मं नव्हतं, पण मी वाद घातला नाही.